कॅथलिक नजरेने अभिजात आणि कल्ट सिनेमे: काय पाहावे, कसे पाहावे, कुठे गाडी घसरते

प्रश्न थोडक्यात असा: धर्मग्रामातल्या, म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या, पंधरा-वीस तरुणांच्या गटाला जुने अभिजात सिनेमे आणि 'कल्ट' म्हणून डोक्यावर घेतलेले सिनेमे कॅथलिक नजरेने पाहायचे आहेत. निवड कशी करावी, पाहावे कसे, आणि दर वेळी चर्चा 'यात अश्लील किती' किंवा 'यात ख्रिस्त कोण' इथेच येऊन का थांबते?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण खरा घोळ तिथे आहे.

अश्लील मोजण्याच्या पहिल्या सवयीला मोठा इतिहास आहे. 1934 च्या सुमारास अमेरिकेत बिशपांच्या पाठिंब्याने 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही संघटना उभी राहिली. ती सिनेमांना ए, बी, सी अशा श्रेणी देई. सी म्हणजे निषिद्ध. असले सिनेमे पाहणार नाही अशी शपथ लोक चर्चमध्ये उभे राहून घेत. आईबापांना या यादीचा उपयोग झाला, नाही असे नाही. पण श्रेणीवरून सिनेमात नको ते काय आहे एवढेच कळे. सिनेमा म्हणतो काय, ते कळत नसे. इटालियन दिग्दर्शक रोसेलिनीच्या 'द मिरॅकल'विरुद्ध न्यूयॉर्कच्या कार्डिनल स्पेलमन यांनी आघाडी उघडली, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1952 साली निकाल लागला तो उलटाच: सिनेमालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मिळाले. याच चर्चच्या व्हॅटिकनने 1995 मध्ये सिनेमाच्या शंभरीनिमित्त 45 सिनेमांची यादी काढली. धर्म, मूल्ये आणि कला असे तीन गट, प्रत्येकात पंधरा. त्यात मार्क्सवादी आणि नास्तिक पासोलिनीचा मत्तयच्या शुभवर्तमानावरचा सिनेमा आहे. व्हॅटिकनच्या दैनिकाने ज्याच्या 'विरिदियाना'वर झोड उठवली त्या बुन्युएलचा 'नाझारिन' आहे. रक्तपिपासू भुताचा 'नोस्फेरातू' आहे, 'द विझर्ड ऑफ ऑझ' आहे. दिग्दर्शक मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातो का, हा प्रश्न यादी करणाऱ्यांनी विचारलेला नाही. तुम्हीही विचारू नका.

जिथेतिथे ख्रिस्त शोधण्याची दुसरी सवय जास्त फसवी, कारण ती हुशारीची वाटते. 'ब्लेड रनर'च्या शेवटी रॉय बॅटी हा थोड्या आयुष्याचा कृत्रिम माणूस तळहातात खिळा खुपसतो आणि हातात पांढरे कबूतर धरतो. लगेच गटातला कोणीतरी म्हणतो, हा ख्रिस्त. पण हात आखडत चाललाय, तो चालू राहावा म्हणून तो खिळा मारून घेतो. कथेत त्याचे कारण तेवढेच आहे. खिळा आणि कबूतर दिसले की पाहणारा निर्धास्त होतो आणि त्याआधीचा खरा प्रसंग सुटतो. रॉय आपल्याला घडवणाऱ्याकडे, टायरेलकडे जातो आणि आपण काही वाईट कृत्ये केल्याचे बोलून दाखवतो. टायरेल त्यावर त्याच्या कर्तबगारीचे कौतुक करतो. म्हणजे कबुली झाली, समोरच्याने पाप ऐकूनच घेतले नाही, आणि क्षमेच्या जागी शाबासकी मिळाली. त्यानंतर रॉय त्याचे चुंबन घेतो आणि त्याला ठार करतो. कॅथलिक माणसाला इथे बोलण्यासारखे खूप आहे. आवृत्तीही पाहून घ्या: आयुष्य वाढवून मागताना 1982 च्या चित्रगृहांतल्या आवृत्तीत रॉय शिवी घालतो, 2007 च्या 'फायनल कट'मध्ये त्या जागी 'फादर' म्हणतो. चर्चेसाठी 'फायनल कट'च घ्या.

मग पाहायचे काय? माझ्या मते सुरुवात वस्तूंपासून करावी. आपला धर्म पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस आणि डोक्यावर ठेवलेला हात यांच्याशिवाय चालत नाही. संस्कार म्हणजे दिसणाऱ्या वस्तूतून न दिसणारी कृपा, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकलेले असते. सिनेमाही दिसणाऱ्या वस्तूंतूनच बोलतो. म्हणून गटाला चार प्रश्न द्या आणि एवढेच द्या. कोणत्या वस्तूवर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त थांबतो? कोण कोणाला क्षमा करतो, आणि ती मागितली होती का? पापाची किंमत कोण मोजतो? आणि कोणाला काहीतरी फुकट, लायकी नसताना मिळते का? चौथा प्रश्न कृपेचा आहे, पण 'कृपा' हा शब्द प्रश्नात घालू नका. घातला की सगळे पाठ केलेली उत्तरे देऊ लागतात.

आता हे प्रश्न लावून दाखवतो. 'द गॉडफादर'मधला स्नानसंस्कार सगळ्यांना माहीत असतो: चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा चालू आणि बाहेर एकामागून एक मुडदे पडतायत. ढोंगीपणा दाखवलाय, एवढे बोलून लोक पुढे जातात. तो प्रसंग पुन्हा लावा आणि फक्त आवाज ऐका. धर्मगुरू बाळाचे नाव घेऊन विचारतो, 'मायकल फ्रान्सिस रिझी, तू सैतानाचा त्याग करतोस का?' बाळाचे नाव मायकल, आणि त्याच्या वतीने उत्तर देणारा धर्मपिताही मायकल, बाहेरचे खून घडवून आणणारा माफियाचा म्होरक्या. प्रश्न दोघांना लागू पडतो, उत्तर एकच देतो. दुसरी गोष्ट क्रमाची. जुन्या रोमन विधीत आधी सैतानाचा त्याग येतो, मग तेलाचा अभ्यंग, मग श्रद्धेची कबुली, मग पाणी. सिनेमात श्रद्धेची कबुली आधी उरकली आहे आणि त्याग मागे नेलाय, त्यामुळे गोळीबार नेमका 'मी त्याग करतो' या शब्दांवर येतो. तिसरा मुद्दा गटात हमखास वाद पेटवतो, पेटू द्या: धर्मपिता खोटे बोलला, मग बाळाचा बाप्तिस्मा वैध की अवैध? वैध. संस्कार कोणाच्या पुण्याईवर उभा नसतो. पाणी ओतले गेले, शब्द उच्चारले गेले, चर्चला अभिप्रेत तेच करण्याचा हेतू होता. बाळाला कृपा मिळाली. त्याच वेदीपाशी, त्याच मिनिटांत मायकल कोर्लिओने स्वतःला त्या कृपेपासून तोडून घेतो. हे कळले की तो प्रसंग ढोंगाचा राहत नाही, त्याहून भयंकर होतो.

हिचकॉकचे शिक्षण जेझुइटांच्या, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या, शाळेत झाले होते. त्याच्या 'आय कन्फेस' (1953) ची अडचण अशी की कन्फेशनची, म्हणजे धर्मगुरूपाशी केलेल्या पापनिवेदनाची, गुप्तता माहीत नसेल तर नायक मूर्ख वाटतो. क्वेबेकमध्ये चर्चचा नोकर केलर धर्मगुरूचा झगा चढवून खून करतो आणि मग त्याच चर्चमध्ये फादर लोगनपाशी पापनिवेदन करतो. संशय लोगनवरच येतो आणि तो गप्प राहतो. 'नाव नको, निदान इशारा तरी द्यायचा' असे गटातला निम्मा भाग म्हणेल. म्हणून सिनेमाआधी दोन वाक्ये सांगा, जास्त नको. चर्चच्या कायद्याच्या कॅनन (कलम) 983 प्रमाणे धर्मगुरू शब्दाने किंवा इतर कोणत्याही रीतीने, कोणत्याही कारणासाठी पापनिवेदन उघड करू शकत नाही. आणि कॅनन 984 प्रमाणे, उघड होण्याचा धोका नसला तरी, त्या माहितीचा वापर पापी माणसाला त्रास होईल असा करू शकत नाही. ही आजच्या संहितेतली कलमे आहेत, पण सिनेमाच्या काळातली शिकवण याच धर्तीची होती. दुसरे वाक्य महत्त्वाचे. त्यामुळेच लोगन केलरला घराबाहेर काढत नाही, त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहत नाही. सकाळी तोच केलर त्याच्या आसपास काम करत असतो. लोगनचे काम करणाऱ्या माँटगोमेरी क्लिफ्टचा चेहरा इतका कोरा का, याचे उत्तर अभिनयशाळेत नाही, या कलमात आहे. शेवट पाहताना डोळे केलरवर ठेवा: ज्याने लोगनला फासाच्या दारापर्यंत नेले तो लोगनच्याच हातांत मरतो, आणि पापक्षमेचे शब्द लोगनच उच्चारतो. सिनेमा 95 मिनिटांचा आहे. नवख्या गटासाठी याच्याइतकी चांगली सुरुवात नाही.

ब्रेसॉनचा 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट' (1951) पहिला लावू नका. संथ आहे, मुले कंटाळतात. पण चौथा-पाचवा जरूर लावा, आणि एकच गोष्ट सांगून ठेवा: तरुण फादरचे पोट बिघडलेले आहे, त्याला पचते फक्त शिळी भाकर आणि द्राक्षारस. पुढचे ते स्वतः जोडतात. शेवटी तो ज्याच्या घरी मरतो तो मित्र धर्मगुरूपद सोडून बाईबरोबर राहतोय, आणि पापक्षमा त्याच्याकडूनच मागितली जाते. ती चालते का? चालते. मरणाच्या दारात असलेल्याला कोणताही धर्मगुरू, पद सोडलेला असला तरी, वैधपणे क्षमा देऊ शकतो. पडद्यावर मागे राहतो फक्त क्रूस, आणि 'सारे काही कृपाच' हे त्याचे शेवटचे शब्द.

'द एक्झॉर्सिस्ट' (1973) बद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण तुमच्या गटातल्या बहुतेकांनी तो आधीच मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत पाहिलेला असेल आणि त्यांना लक्षात असेल ती फिरणारी मान आणि हिरवी ओकारी. कथा-पटकथा लिहिणारा ब्लॅटी जेझुइटांच्या जॉर्जटाउन विद्यापीठात शिकलेला कॅथलिक होता, आणि सिनेमा जितका भुताचा आहे त्याहून जास्त फादर करासच्या ढासळलेल्या श्रद्धेचा आहे. तो मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि आईच्या मरणाचा अपराध उरावर घेऊन फिरतोय. पहिल्या तासात भूतबाधा झालेल्या मुलीपाशी धर्मगुरू नाही, डॉक्टर आहेत. रक्तवाहिन्यांची ती तपासणी हा सिनेमातला सगळ्यात अंगावर येणारा प्रसंग असेल कदाचित. ही चर्चची रीतच आहे. 1614 च्या रोमन विधिग्रंथातच बजावलेले आहे की भूत लागल्याचे सहजासहजी मानू नये. भूत उतरवायला बिशपची परवानगी लागते ती वेगळीच. करास नळाचे पाणी पवित्र जल म्हणून मुलीवर शिंपडतो, ती तडफडते, आणि तो म्हणतो की हा पुरावा भूतबाधेच्या विरुद्ध जातो. हा प्रसंग थांबवून दाखवा. अंगात आलेल्याला मारझोड करणारा बाबा आणि हा फादर यांतला फरक इथे दिसतो, आणि आपल्याकडे तो दिसणे गरजेचे आहे.

चुकते कुठे? शेवटात. मुलीला सोड, मला धर, असे करास सैतानाला म्हणतो आणि खिडकीतून खाली उडी घेतो. पुष्कळांना वाटते, सैतान जिंकला. ब्लॅटीला हा गैरसमज खुपत होता. मूळ आवृत्तीत जिन्यावरचे संभाषण कापलेले होते. त्यात वृद्ध फादर मेरिन सांगतो की या छळाचा रोख मुलीवर नाही, पाहणाऱ्यांवर आहे: आपण इतके हीन आहोत की देव आपल्यावर प्रेम करूच शकणार नाही, असे आपल्याला वाटावे म्हणून हा सारा खटाटोप. 2000 सालच्या आवृत्तीत हे संभाषण परत आले. कॅथलिक गटासाठी तीच, 132 मिनिटांची आवृत्ती घ्या. आणि खिडकीनंतर लगेच दिवे लावू नका. पायऱ्यांच्या तळाशी करासचा मित्र फादर डायर मरणाऱ्या करासचा हात हातात घेतो, पापांचा अनुताप आहे का विचारतो. करासला बोलता येत नाही, तो बोटे आवळतो. डायर पापक्षमा देतो. ती बोटे हाच सिनेमाचा शेवट आहे. डायरचे काम करणारे विल्यम ओ'मॅली खरेच जेझुइट धर्मगुरू होते, त्यामुळे त्यांचा हात कसा चालतो तेही पाहण्यासारखे आहे. करासची उडी ही आत्महत्या की दुसऱ्यासाठी दिलेला प्राण, यावर गट भांडेल. निकाल देऊ नका. अठराखालील मुलांना हा सिनेमा दाखवू नका, आणि रात्री नऊनंतर सुरू करू नका.

'बाबेट्स फीस्ट' (1987) शुक्रवारी लावू नका. उपाशीपोटी लाव्यांचे पक्वान्न पाहणे हे प्रायश्चित्त थोडे जास्तच होते. ईस्टरनंतरचा रविवार घ्या आणि नंतर सगळ्यांनी एकत्र जेवा. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरचे कर्मठ ल्यूथरन म्हातारे ठरवतात की जेवणाबद्दल अवाक्षर काढायचे नाही. पॅरिसहून जीव वाचवून आलेली कॅथलिक बाबेट लॉटरीत मिळालेले 10,000 फ्रँक एकाच जेवणावर उधळते. बाराजण बसले म्हणून लगेच शेवटचे भोजन, असे म्हणायचा मोह आवरा. त्यापेक्षा हे पाहा: जेवणात कोणी प्रवचन देत नाही, तरी जुनी भांडणे एकेक करून सुटतात, ती घासांमुळे आणि द्राक्षारसामुळे. वस्तू काम करतेय. कोण रांधतेय हे माहीत नसलेल्या जनरलला ते चवीवरून कळते, आणि दया व सत्य एकत्र भेटली आहेत हे 85 व्या स्तोत्रातले वचन तोच उच्चारतो. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या 'आमोरिस लेतित्सिया' या कुटुंबजीवनावरच्या दस्तऐवजात, परिच्छेद 129 मध्ये, या सिनेमाचा उल्लेख केला आहे. गटात कोणी 'सिनेमा हा काय धर्माचा विषय' म्हणाले तर उपयोगी पडेल.

किश्लोव्स्कीचा दहा आज्ञांवरचा 'डेकालॉग' वेगळ्या कारणाने सोयीचा आहे: दहा भाग, प्रत्येक जवळपास 55 मिनिटांचा, म्हणजे संध्याकाळच्या मिस्सानंतर एक भाग आणि चर्चा दीड तासात बसते. क्रमांक पाहून गोंधळ होतो. हा कॅथलिक क्रम आहे, त्यात मूर्तीची आज्ञा पहिलीतच येते आणि लोभाच्या दोन होतात. म्हणून पाचवा भाग हत्येचा आहे. गटात नगरकडचे प्रॉटेस्टंट मित्र असतील तर त्यांच्या मोजणीत हत्येची आज्ञा सहावी. आधीच सांगून टाका.

पहिला भाग पुन्हा पुन्हा पाहण्याजोगा आहे. प्राध्यापक बाप संगणकावर हिशेब करतो की तळ्यावरचा बर्फ मुलाचे वजन पेलेल. बर्फ फुटतो. 'विज्ञानावर विश्वास ठेवला म्हणून देवाने शिक्षा केली' असे कोणीतरी म्हणणारच. त्याला आठवण करून द्या की बाप रात्री स्वतः जाऊन बर्फावर चालून पाहतो. निष्काळजी तो अजिबात नाही. शेवटी तो अर्धवट बांधलेल्या चर्चमध्ये शिरतो, वेदीचे टेबल उलथतो, मेणबत्त्यांचे मेण पोलंडमधल्या चेन्स्तोहोवाच्या मरियेच्या चित्रावर गालावरून ओघळते. मग तो पवित्र जलाच्या भांड्यात हात घालतो. पाणी गोठलेले आहे. ती बर्फाची चकती तो कपाळाला लावून धरतो. मुलाला बुडवणारा बर्फ आणि स्नानसंस्काराचे पाणी एकच पदार्थ. यावर बोलायची घाई करू नका. दोन मिनिटे शांतता चालेल.

आता कार्यपद्धती. पहिल्यांदा सिनेमा सलग, न थांबवता. सुरुवातीला कोणीतरी दोन मिनिटांत काळ आणि ठिकाण सांगावे, शेवट सांगू नये. 1965 च्या आधीचे सिनेमे असतील तर एवढे जरूर सांगा की मिस्सा लॅटिनमध्ये आहे, धर्मगुरू वेदीकडे तोंड करून आहेत आणि ओस्ती (ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकर) गुडघ्यांवर बसून जिभेवर घेतली जाते. नाहीतर निम्मी चर्चा 'ते पाठ करून का उभे' यात जाते. लॅटिन वाक्यांना सबटायटल्स बऱ्याचदा नसतात, त्यांचा मराठी अर्थ कागदावर काढून ठेवा. सिनेमानंतर एकच प्रसंग, पाच-सात मिनिटांचा, पुन्हा लावा आणि मग ते चार प्रश्न. चर्चा 40 मिनिटांच्या पुढे ताणू नका. फादर हजर असतील तर त्यांना शेवटी बोलू द्या. ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. बायबलचा उतारा वाचायचाच असेल तर नंतर वाचा, आधी वाचलात तर सगळे त्याचेच चित्र शोधत बसतात.

हक्कांचेही पाहा. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे असतो. म्हणजे ब्रेसॉन आणि 'आय कन्फेस' यांची मुदत संपली आहे, पण नवे संगीत आणि नवी सबटायटल्स यांचे हक्क निराळे. 'गॉडफादर', 'एक्झॉर्सिस्ट', 'ब्लेड रनर', 'बाबेट', 'डेकालॉग' अजून हक्कात आहेत. धर्मग्रामाच्या सभागृहात लावायचे तर परवाना घ्या, घरच्या स्ट्रीमिंग खात्यावर ते बसत नाही.

पवित्र आठवड्यासाठी, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यासाठी, एकच निवडायचा तर ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (1928). मूळ निगेटिव्ह आगीत गेली. 1981 मध्ये ऑस्लोजवळच्या मनोरुग्णालयात जुनी प्रत सापडली, आज आपण पाहतो ती तिच्यावरून. चर्चचे न्यायाधीश ख्रिस्तशरीर आरोपी जोनच्या कोठडीत आणतात, आपण चुकलो अशा कबुलीवर सही कर म्हणतात, ती नकार देते आणि ते परत नेले जाते. संस्काराचे आमिष करणारे चर्चचेच लोक, आणि त्यासाठी तळमळणारी ती: चारही प्रश्न याच प्रसंगावर घ्या. सिनेमा मूक आहे, म्हणून प्रत निवडताना वेग पाहा. सेकंदाला 24 चित्रांच्या वेगाने तो 81 मिनिटांत संपतो आणि चेहरे उगाच धावल्यासारखे वाटतात. 20 च्या वेगाची, सुमारे 97 मिनिटांची आवृत्ती मिळाली तर ती घ्या. संगीत बंद करून लावले तरी चालते, फक्त पंख्यांचा आवाज करणारे सभागृह नको.